चित्रात जीव दिसत नाही

बालवाडीच्या बहुतेक अभ्यासपुस्तिकांत एक पान हमखास असतं. वर दोन रकाने, एकावर ‘सजीव’ आणि दुसऱ्यावर ‘निर्जीव’. खाली गाय, खुर्ची, झाड, चेंडू, मासा, पेन. मुलानं रेघा ओढून जोड्या लावायच्या. चार वर्षांचं मूल हे काम पाच मिनिटांत उरकतं, बाई ‘छान’ म्हणून चांदणी काढतात आणि विज्ञानाचा पहिला धडा झाला अशी सगळ्यांची समजूत होते. मग यादी पाठ करून घेतली जाते: सजीव हालचाल करतात, खातात, श्वास घेतात, वाढतात, पिल्लांना जन्म देतात.

माझं म्हणणं असं की या पानातून मूल जिवंतपणाबद्दल जवळजवळ काहीच शिकत नाही. त्यातलं जे त्याला बरोबर येतं ते आधीच येत असतं, आणि जे खरोखर अवघड आहे ते या पानावर मावतच नाही. रंग किंवा आकार वस्तूकडे पाहताक्षणी कळतो, जिवंतपणा तसा कळत नाही. तो काही दिवस, काही आठवडे चाललेल्या घडामोडीतून कळतो, आणि चित्रात तर एकच क्षण असतो. रुजणारा मूग आणि मेलेला मूग यांची चित्रं सारखीच येतील. म्हणून सहा वर्षांच्या आत हे वर्गीकरण शिकवूच नये. तो वेळ मुलांना काहीतरी जिवंत सांभाळायला देण्यात घालवावा: ज्याला रोज पाणी किंवा अन्न लागतं, जे वाढतं, कोमेजतं, आणि कधी मरतंही.

हे टप्प्याटप्प्यानं मांडतो.

१. मुलाला आधीच काय कळतं

लहान मुलांना सगळंच जिवंत वाटतं, ही समजूत शिक्षणाच्या वर्तुळात घट्ट बसली आहे. तिचा मोठा आधार म्हणजे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे. १९२६च्या पुस्तकात त्यांनी मुलांशी झालेल्या मुलाखती मांडल्या. सूर्य जिवंत आहे का? वारा? सायकल? उत्तरांवरून त्यांनी पायऱ्या ठरवल्या. आधी जे काही काम करतं ते सगळं जिवंत, मग जे हलतं ते, मग जे आपणहून हलतं ते, आणि पार अकराव्या-बाराव्या वर्षाकडे फक्त प्राणी आणि वनस्पती. मुलं तशी बोलतात यात शंका नाही. पण प्रश्न कसले होते ते पाहा. सूर्य आणि वारा यांच्याबद्दल मोठ्या माणसालाही धड कारण देता येत नाही, आणि इथे चार-पाच वर्षांच्या पोराकडून शब्दांत समर्थन मागितलं जात होतं.

पुढच्या संशोधकांनी प्रश्न बदलले आणि उत्तरंही बदलली. १९८८ साली क्रिस्टीन मॅसी आणि रॉशेल गेलमन यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना त्यांनी कधीच न पाहिलेल्या गोष्टींचे फोटो दाखवले. त्यांत एकिडना नावाचा काटेरी प्राणी होता, प्राण्यांच्या आकाराचे पुतळे होते, चाकं असलेल्या वस्तू होत्या. प्रश्न एवढाच, की हे आपलं आपण टेकडी चढून उतरू शकेल का? बहुतेक मुलांची उत्तरं बरोबर आली. पुतळ्याला पाय असले तरी तो चालणार नाही, आणि फोटोत पाय दिसत नसले तरी प्राणी चालेल, हे त्यांना कळत होतं. १९९३मधल्या आणखी एका अभ्यासात याच वयाच्या मुलांना विचारलं गेलं, की काही तुटलं-फाटलं तर आपोआप पूर्ववत होईल का. प्राणी आणि झाड आपलं आपण भरून येईल, वस्तू मात्र कुणीतरी दुरुस्त करावी लागेल, असा फरक त्यांनी केला.

तेव्हा गाय सजीव आणि खुर्ची निर्जीव हे शिकवण्यात घालवलेला तास वाया जातो. मूल पडल्यावर जमिनीला चापट मारून ‘हात् तिच्या, बाळाला मारलं’ असं म्हणणारे आपणच असतो. मूल त्या नाटकात आनंदानं सामील होतं, पण जमीन खरंच रडेल अशी त्याची अपेक्षा नसते. खेळातलं बोलणं आणि खरं मत यांतला भेद बरेचदा आपल्यालाच करता येत नाही.

२. यादी कुठे अडते

आता पाठ केलेल्या लक्षणांकडे वळू. दिव्याची ज्योत हलते, वाढते, तेल संपवते, हवा मिळाली नाही तर विझते, आणि एकीवरून दुसरी लावता येते. यादीच्या हिशेबानं ती जवळजवळ पूर्ण गुणांनी पास. उलट खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, म्हणून त्याला कुणी निर्जीव म्हणत नाही. बी तर काहीच करत नाही. इस्रायलमधल्या मसादा इथल्या उत्खननात सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या होत्या. त्यांतली एक २००५ साली पेरली आणि ती रुजली. इतकी शतकं ती ना हलली, ना वाढली, ना तिनं कुणाला जन्म दिला.

विज्ञानालाही ही सीमारेषा सरळ ओढता आलेली नाही. १९३५ साली वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक मिळवले, मिठासाखरेचे असतात तसे, आणि विषाणूला कुठे बसवायचं हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. आपल्याकडे ‘झाडांना भावना असतात हे बोसांनी सिद्ध केलं’ असं एक विधान पिढ्यान्‌पिढ्या फिरतं. जगदीशचंद्र बोस यांच्या १९०२च्या पुस्तकाचा विषय वेगळाच होता. चिमटा, थकवा, विष यांना स्नायू आणि वनस्पती जसा प्रतिसाद देतात तसाच धातूही देतो, असं त्यांचं प्रतिपादन होतं. म्हणजे ज्यांचं नाव घेऊन आपण रकाने पक्के करतो, त्यांनी तीच रेघ पुसट करायचा प्रयत्न केला होता. त्यांची सगळी अनुमानं टिकली नाहीत, पण बालवाडीच्या त्या पानापेक्षा त्यांचा प्रश्न कितीतरी प्रामाणिक होता.

विषाणू चार वर्षांच्या मुलाला शिकवा असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. माझा मुद्दा आहे यादीतल्या कलमांचा एकमेकांशी असलेला संबंध यादी करताना तुटतो, हा. एखादं चलाख मूल विचारतं, ‘ताई, गाडी पेट्रोल पिते, धूर सोडते, पळते, मग ती?’ ताई म्हणतात, ‘पण तिला पिल्लं होतात का?’ प्रश्न मिटला, समज मात्र तिथेच राहिली. खरं उत्तर यादीत नाहीच. पोळी खाल्ली की तिचं रक्त होतं, हाड होतं, वितभर उंची वाढते. पेट्रोलचं चाक होत नाही. गुडघा फुटला तर खपली धरते आणि आतून नवी कातडी येते, टायर फुटला तर पंक्चरवाला गाठावा लागतो. खाणं, वाढणं, भरून येणं या तीन वेगळ्या खुणा नाहीत. बाहेरचं आत घेऊन त्यातून स्वतःला घडवत राहणं, हे एकच काम तिन्हींत चाललेलं असतं. हा धागा पाच वर्षांच्या मुलाला कळतो. जपानमध्ये कायोको इनागाकी आणि गियू हातानो यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलं. या वयाची मुलं अन्नातून ‘शक्ती’ मिळते आणि तिच्यामुळे शरीर वाढतं, टिकतं, अशी स्वतःची उपपत्ती बाळगून असतात. ती ढोबळ असेल, पण तिला कार्यकारणाचा कणा आहे. यादीला तो नाही.

३. खरी अडचण झाडाची आहे

मुलाला अडतं ते झाडापाशी. गाय आणि आपण एका जातीचे हे त्याला पटतं. गाय आणि कढीपत्ता एका जातीचे हे पटत नाही. झाड चालत नाही, ओरडत नाही, डोळे दाखवत नाही. शिवाय ही अडचण वयानं सहज सुटत नाही. अमेरिकेतल्या २००९च्या एका प्रयोगात जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना पडद्यावरचे शब्द झटपट ‘सजीव’ की ‘निर्जीव’ असे निवडायला सांगितले. वनस्पतींची नावं आली की तेही प्राण्यांच्या तुलनेत अडखळत होते. आयुष्यभर ज्ञान साठलं तरी बालपणीचा ‘हलतं ते जिवंत’ हा नियम तळाशी शाबूत राहतो.

मग शाळेनं तो नियम ढिला करायला हवा. आपण तो आवळतो. झाडं सजीव आहेत हे पटवायला बाई मुलांना लाजाळूपाशी नेतात. पान मिटलं की पोरं ओरडतात, ‘जिवंत आहे!’ माझ्या मते यासारखा उलटा धडा दुसरा नाही. मूल तिथे शिकतं ते एवढंच: लाजाळू हलते म्हणून जिवंत, आणि शेजारचा न हलणारा वड त्याच नियमानं बाद.

मानसशास्त्रज्ञ सुझन कॅरी यांनी १९८५च्या पुस्तकात मांडलं होतं की लहान मुलं प्राणिजगताचा विचार माणूस हा नमुना धरून करतात. नंतर अमेरिकेतल्या खेड्यांतल्या आणि मेनोमिनी या आदिवासी जमातीच्या मुलांबरोबर काम झालं तेव्हा चित्र तितकं एकसारखं निघालं नाही. ज्यांचं रोजचं जगणं जनावरं आणि रानाशी जोडलेलं होतं, त्यांच्या तर्काचा केंद्रबिंदू माणूसच असेल असं नव्हतं. वयापेक्षा सहवासाचा भाग मोठा, असं मला यातून दिसतं. आपल्याकडे हे फार आधी ओळखलं गेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरांमागे जाणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा असं नाव पडलं. पानं, बिया, खडे, फुलं हे तिथलं शैक्षणिक साहित्य. हे पैशांअभावी केलेलं भागवाभागवीचं काम होतं असं आपण आज सहज बोलून जातो. मला तर शिकवण्याची तीच बरोबर जागा वाटते.

४. चार वाट्या मूग

हे करायचं कसं? प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं. चार वाट्या घ्या. एकीत मुगाएवढे खडे, दुसरीत अख्खे मूग, तिसरीत उकडून गार केलेले मूग, चौथीत मुगाची डाळ. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी चारही ओल्या फडक्यांत वेगवेगळे बांधा. बांधण्याआधी मुलांना विचारा, कशाचं काय होईल. त्यांनी सांगितलेलं फळ्यावर चित्रांनी नोंदवा आणि कुणाचं बरोबर, कुणाचं चूक हे सांगू नका.

पहिल्या सकाळी डाळ आणि मूग दोन्ही फुगलेले दिसतात. पाणी पिऊन मोठं झालं म्हणजे वाढलं, असं काही मुलं म्हणतात, आणि ते म्हणणं चुकीचं ठरवायची घाई करू नये. ते काम पुढचा दिवस करतो. दुसऱ्या दिवशी अख्ख्या मुगाला मोड आलेले असतात. डाळ फुगून तिथेच थांबते, पुढे चिकट होते, वास मारू लागते. उकडलेले मूगही नासतात. खडे मात्र होते तसेच.

या चार फडक्यांत रकान्यांच्या पानावर न मावणाऱ्या गोष्टी आहेत. फुगणं आणि वाढणं एक नव्हे. आकार, रंग, पाणी सगळं सारखं असूनही एक मूग रुजतो आणि एक रुजत नाही. फरक त्याच्या आधीच्या गोष्टीत आहे, तो शिजला होता की नव्हता यात. सगळ्यांत मोलाचं म्हणजे इथे दोनऐवजी तीन गट पडतात. खडा कधीच जिवंत नव्हता. उकडलेला मूग होता, आता नाही. आणि तो खड्यासारखा स्वस्थ पडूनही राहत नाही, नासतो, कारण त्याच्यावर दुसरं काहीतरी जगायला लागलेलं असतं. अभ्यासपुस्तिका लाकडी खुर्ची आणि प्लास्टिकचा चेंडू एकाच रकान्यात टाकते, तेव्हा मुलानं पुढे ज्याच्यावर विचार करावा असा सगळ्यांत चांगला प्रश्न ती बुजवून टाकते. खुर्चीला वाळवी लागते, चेंडूला लागत नाही. का?

मूग दोन दिवसांत उरकतात, म्हणून आठवडे चालणारंही काहीतरी हवं. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर फुलपाखरांच्या अळ्या हमखास सापडतात. सुरुवातीला त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, नंतर पानासारख्या हिरव्या होतात. एक अळी किती पानं खाते हे रोज मोजलं, की ‘खातो आणि वाढतो’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही. कोष झाला की अळी खात नाही, हलत नाही. मग ती आता जिवंत आहे का? मुलांना भांडू द्यावं. उत्तर मिळायला थांबावं लागतं, आणि थांबायला शिकणं हा याच धड्याचा भाग आहे.

सहवासाचा परिणाम मोजलाही गेला आहे. इनागाकी यांनी १९९० साली घरी गोल्डफिश पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांची तुलना केली. प्राण्यांविषयीची सर्वसाधारण माहिती दोन्ही गटांत सारखीच होती. पण बेडकासारख्या अनोळखी प्राण्याबद्दल विचारलं, समजा पिल्लू कायम एवढंच लहान ठेवता येईल का, तर पाळणारी मुलं आपल्या माशावरून अंदाज बांधू शकली: मासा मोठा झाला, म्हणजे हाही होणार. मला ज्ञान म्हणतात ते हेच वाटतं.

५. मरण वगळून चालत नाही

पालकांना सर्वांत नकोसा भाग हाच आहे. सांभाळलेलं मरतं. अळी पांढरी पडते, रोप सडतं, मासा उलटा तरंगतो. मग रातोरात दुसरा मासा आणून ठेवायचा किंवा ‘तो झोपला’ म्हणायचं. पहिल्यात मुलाला एवढंच कळतं की मासे बदलता येतात, सेलसारखे. दुसऱ्यात झोप आणि मरण यांची सरमिसळ होते, आणि रात्री झोपायला घाबरणारं मूल आपल्याला मग कोड्यात पाडतं.

ऑस्ट्रेलियात व्हर्जिनिया स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेलं काम इथे उपयोगी आहे. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी फक्त शरीर कसं चालतं एवढं शिकवलं: हृदय, फुप्फुसं, पोट कशासाठी आहेत. मरणाबद्दल वेगळा पाठ घेतला नाही. तरीही त्या मुलांची मरणाविषयीची समज सुधारली. मेलेलं परत येत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, हे त्यांना आधीपेक्षा नीट सांगता येऊ लागलं. जगणं हे चालू असलेलं काम आहे हे कळलं, की ते थांबणं म्हणजे काय हेही कळू लागतं. घरात ‘आजोबा देवाघरी गेले’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ते दुःखाच्या वेळचं बोलणं आहे. पण त्याच्या जोडीला ‘त्यांचं शरीर आता चालत नाही’ हेही सांगायला हवं.

आक्षेप

*असं करून मुलांच्या गोड कल्पना मारायच्या का? चांदोमामा, चिऊताई यांचं काय?* उलट त्या कल्पना वाचवण्याचा हाच मार्ग आहे. गोष्टीतली चिमणी मेणाच्या घरात राहते हे मुलाला गोष्ट म्हणून कळतं. रकान्यांचं पान तिला अकारण परीक्षेला बसवतं, ‘बोलणारी चिमणी सजीव की निर्जीव?’ असा भलताच प्रश्न उभा करून.

*आपल्या घरात दगडाची पूजा होते, खंडेनवमीला अवजारांना गंध लागतं. मुलं गोंधळणार नाहीत?* याचीही काळजी मला फारशी वाटत नाही. कोयत्याला हळदकुंकू लावणारा शेतकरी त्याला चारा घालत नाही, आणि पोळ्याला बैलासमोर पुरणपोळी धरतो ती बैल ती खातो म्हणूनही. मान देणं आणि पोसणं यांतला फरक मूल रोज पाहत असतं. संध्याकाळी पान तोडू नकोस, झाड झोपलंय, असं सांगणाऱ्या आजीनं वनस्पतिशास्त्र चुकवलं असेल. पण न हलणाऱ्या झाडालाही काहीतरी होतं-जातं, हे तिनं कुठल्याही तक्त्याहून आधी मुलाच्या मनात घातलं.

*पुढे पहिलीत, दुसरीत हेच वर्गीकरण येणार. तयारी नको?* २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्यामुळे घाईचं कारण कागदावर तरी उरलेलं नाही. सात वर्षांच्या मुलाला वर्गीकरण जरूर द्यावं, पण तेव्हा त्याच्यासमोर गाय-खुर्ची नको. वाळकं पान, अंडं, ज्वारीचा दाणा, शंख, कोळसा ठेवावा. ज्यानं मूग नासलेले पाहिलेत त्याच्याकडे बोलायला काहीतरी असेल.

*अंगणवाडीत तीस मुलं, एक सेविका, एक मदतनीस, त्यात पोषण आहार, वजन, नोंदी. हे सगळं कधी करायचं?* हा एकच आक्षेप मला खरा वाटतो. १९७५पासून चाललेल्या अंगणवाडीच्या योजनेत आपण सेविकेवर एवढी कामं लादली आहेत, की शिकवणं हे तिच्या दिवसातलं उरलंसुरलं काम झालं आहे. ते दुखणं कुठल्याही अध्यापनपद्धतीनं बरं होणार नाही. तरी एवढं म्हणतो, की मुगाच्या प्रयोगाला छापील पानापेक्षा जास्त वेळ लागत नाही. बहुतेक वेळ मूगच काम करतात. तीस मुलांना तीस कुंड्या नकोत. पाच-सहांच्या गटाला एक डबा, तळाला भोकं पाडलेला, त्यात मेथी किंवा वाल, आणि पाणी घालायची पाळी. एखाद्या गटाचा डबा सुकला तर सुकू द्यावा, गुपचूप पाणी घालू नये. पावसाळा हा सुरुवात करायला चांगला काळ, कारण पेरलेलं सहज उगवतं आणि वाटेवर अळ्या, गांडुळं, गोगलगायी आपणहून भेटतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत डब्यांना पाणी कोण घालणार, हे मात्र मार्चमध्येच ठरवून ठेवावं लागतं; मुलांना विचारलं तर कुणाचं घर जवळ आहे ते त्यांना बरोबर माहीत असतं.